सहाव्या पिस्टनचा मान

"मांडव घालायच्या आत फौजी अक्काच्या दारात उभी करतो! न्हाई केली, तर ही मिशी काढून टाकतो!"

कारभारीनं ही गर्जना पिंपळगाव रेणुकाईच्या स्टँडवरच्या हॉटेलात केली. बाकडी भरलेली होती आणि भज्यांचा घाणा नुकताच निघाला होता. अशा वेळी बोललेलं वाक्य परत घेता येत नाही. कारभारी चहा संपवून घरी पोचायच्या आत ते वाक्य घरी पोचलं होतं.

"मिशीच लावायची व्हती पैजंला, तर जरा दाट तरी राखायची," तुळजाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "समोरच्याला कळलं तर पाहिजे, काय लावलं ते!"

बायकोच्या बोलण्याकडं लक्ष न देण्याचा कारभारीला दांडगा सराव होता. तो अंगणात गेला आणि फौजीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "आपुन दाखवू एकदा!" बॉनेटमधून काहीतरी निखळून खाली पडलं. त्यानं ते उचलून खिशात टाकलं.

फौजी म्हणजे लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी जीप. गावातल्या बाकीच्या जिपांना चार सिलिंडर, हिला सहा! कारभारी ही गोष्ट अशी सांगायचा, की जणू बाकीच्यांना एकेक पोरगं आणि त्याला सहा. भोकरदनच्या बाजाराला ती प्रवासी भरून जायची. सपाट रस्त्यावर तिचा तोरा बघण्यासारखा असे. पण चढ दिसला, की तिला दम लागायचा. नेहमीचे प्रवासी कुणी न सांगता खाली उतरायचे, चढ पायी चढून वर बिडी ओढत बसायचे, आणि बिडी संपली की फौजी धापा टाकत येऊन त्यांना घ्यायची. आजवर कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार होती ती एकाच माणसाची. ती कारभारीची थोरली बहीण, सगुणाबाई.

आई लहानपणीच गेली, तेव्हापासून अक्कानंच कारभारीला कडेवर वागवलं. तिला दिली होती टेकडीवरच्या वाडीत. थोरल्या मुलीच्या लग्नात कारभारीच्या हातून दोन गुन्हे घडले. घाईघाईत जालन्याला जाऊन लग्नाचा बस्ता बांधला आणि अक्काला विचारायचं राहिलं. ती कपड्यांची खरेदी, तिथं मानाच्या प्रत्येक माणसानं एकेक वस्तू आपल्या हातानं निवडायची असते. तो मान हुकला. वर अक्काला आणायला फौजी पाठवली, ती वाडीच्या चढणीला अर्ध्यात बाभळीपाशी बसली. अक्का नवं लुगडं नेसून, पेटी घेऊन ओट्यावर उभी! खालून निरोप गेला, "तेवढं चालत ये." अक्का पेटीसकट घरात गेली आणि तिनं कडी लावली. ती कडी अजून निघाली नव्हती.

आता धाकट्या सत्यशीलाचं लग्न ठरलं होतं. ती वाचनालयाच्या पुस्तकातून मान वर न करता एवढंच म्हणाली होती, "बापू, बारशाला माझ्या कानात नाव आत्यानं सांगितलं. आत्या न्हाई, तर मी बोहल्यावर चढत न्हाई."

ही पोरगी कमी बोलायची. त्यामुळं बोललेलं करायची.

कारभारी पत्रिका घेऊन वाडीत गेला. पायी गेला, हे सांगायला नको. अक्का आतून म्हणाली, "ठिव उंबऱ्यावर. बहिणीचा मान ठेवणाऱ्याची गाडी बहिणीच्या दारात येत आसती. अन् बस्ता बहिणीला इचारून बांधत आसतेत."

"अक्का, आता चल की बस्त्याला!"

"गाडी आणली का दारात?"

"...न्हाई."

"मंग?"

मग काय! कारभारीनं स्टँडवर ती गर्जना केली आणि फौजी घेऊन तो सरळ जालन्याला, महेमूद मिस्त्रीच्या गॅरेजात गेला. एमआयडीसीच्या रस्त्यावरचे ट्रक, टेम्पो, सगळे आजारी पडले की महेमूदकडं यायचे. महेमूदनं फौजीच्या सहाही सिलिंडरांत एकेक करून मीटर लावून पाहिला आणि मान हलवली.

"कारभारीभाऊ, इंजिनात दाबच न्हाई राह्यला. कम्प्रेशन! पोत्यात कापूस कसा भरता? पायानं तुडवून, बराबर? तसा पिस्टन आतली हवा तुडवतो. जितकी तुडवल, तितका जोरात भडका. तुमचे पिस्टन कापूस तुडवून न्हाई राह्यले, नुसते कापसावर झोपून राह्यले!"

"मंग उठवायचे कसे?"

"नवीन टाकायचे. तुमच्या पिस्टनचं डोकं सपाट हाय. जरा उंच डोक्याचा टाकला, की जागा कमी, दाब जास्त. गाडी चढ अशी चढंल, की शेळी बी लाजंल! फक्त एक ध्यानात ठेवा, सहाचे सहा एकसारखे. एकाच उंचीचे, एकाच वजनाचे."

"बिलकुल!" कारभारी म्हणाला. त्या क्षणी त्याला ते खरोखर कळलं होतं, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

घोटाळा झाला तो तारखेचा. पिस्टन घ्यायचा दिवस आणि बस्त्याचा दिवस एकच आला. गाडी गॅरेजात, म्हणून सगळी मंडळी एसटीनं जालन्याला आलेली. या खेपेला कुणी म्हणजे कुणी रुसता कामा नये, असा कारभारीचा निश्चय होता. भावकीतले थोरले रामराव, चुलती गिरिजाबाई, मेहुणा कडूबा, नवरदेवाचे वडील रामकिसन. प्रत्येकाला तो कापड दुकानाच्या गादीवर तीनतीनदा विचारत होता, "पसंत हाय ना? मनापासून हाय ना?" अक्काच्या जागी त्यानं गादीवर एक सुपारी मांडली होती. पूजेत गैरहजर माणसाच्या नावानं मांडतात, तशी. एक लुगडं सुपारीसमोर धरून त्यानं स्वतःच मान डोलावली आणि "अक्काला पसंत पडलं" असं जाहीर केलं.

बस्ता निर्विघ्न पार पडला. कारभारीनं सुपारी खिशात टाकली आणि बाहेर थांबलेल्या महेमूदबरोबर तो हळूच निघाला. मागून कडूबाची हाक आली.

"दाजी! आमाला सोडून कुठं चालले?"

"काही न्हाई, गाडीचे पिस्टन घ्यायचेत."

"लग्नाच्याच गाडीचे ना?"

"हां."

"मंग ती बी लग्नाचीच खरेदी झाली की! अन् आमाला इचारलं बी न्हाई?" कडूबाचा चेहरा पडायला लागला. पाठोपाठ रामरावांनी घसा खाकरला. गिरिजाबाईंनी पदर सारखा केला. व्याही रामकिसन आभाळाकडं बघायला लागले.

रुसवा कसा सुरू होतो, हे कारभारीला जिल्ह्यात सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.

"असं कसं? तुमालाच बोलवायला येऊन राह्यल्तो!" तो म्हणाला.

पाशामियाँच्या जुन्या पार्टच्या दुकानात इतकी मंडळी एकदम कधी आली नव्हती. पाशामियाँनी आधी सेटचा खोका पुढं केला. "ये लो, छे का सेट. एकसारखे."

"एकच नमुना?" गिरिजाबाई म्हणाल्या. "बाकीचे दाखवा की!"

पाशामियाँच्या माळ्यावर फुटलेल्या सेटमधले सुटे पिस्टन पडून होते. मापाला सगळे बसणारे, पण डोकी नाना तऱ्हेची. ते आपल्या हयातीत विकले जातील अशी आशा त्यांनी कधीच सोडली होती. त्यांनी एकवार महेमूदकडं पाहिलं, एकवार मंडळींकडं पाहिलं, आणि मग जमिनीवर स्वच्छ चादर अंथरून चहा सांगितला.

पिस्टनांचा बस्ता सुरू झाला!

रामरावांनी बैलाच्या दातांत बघावं तसं प्रत्येकाच्या आत बघितलं आणि सगळ्यांत जड उचलला. "वजनदार पाहिजे. हलकं काय कामाचं?" गिरिजाबाईंनी माठ वाजवून बघावा तसं एकेकाला बोटानं टिचकी मारली आणि "ह्यो खणखणीत हाय" म्हणून एक पदराखाली घेतला. व्याह्यांनी सगळ्यांत चकचकीत घेतला. त्याचं डोकं ताटासारखं सपाट होतं. कडूबानं सगळ्यांत उंच डोक्याचा पिस्टन निवडला. इतका उंच, की तो चादरीवर ठेवल्यावर बाकीचे त्याच्या लग्नाला आल्यासारखे दिसायला लागले.

"मिस्त्री म्हणले ना, उंच पाहिजे? ह्याच्याहून उंच हाय का कोणता?" कडूबा म्हणाला.

"कारभारीभाऊ," महेमूद कानाशी कुजबुजला, "मैंने क्या बोला था? एकसारखे!"

कारभारी कात्रीत सापडला. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला भावकी. आणि अशा वेळी माणसाला जे सुचू नये, तेच त्याला सुचलं. त्यानं बस्त्याच्या पिशवीतून टॉवेल-टोपी काढली, भर दुकानात महेमूदच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमी बी घरचेच. पाचवा पिस्टन तुमच्या मानाचा!"

महेमूद विरघळला. त्यानं टोपी चाचपली. "इतकी वर्षं इंजिन खोलून राह्यलो, भाऊ," तो म्हणाला, "पण असा मान कोणीच न्हाई दिला." त्यानं डोळे टिपले, बेताच्या उंचीचा एक पिस्टन अदबीनं उचलला, आणि एकसारखेपणाचा विषय तिथंच संपला. डोक्यावर मानाची टोपी घेऊन कुणाच्या मानाला हात लावायचा कसा!

"अन् सहावा?" पाशामियाँनी विचारलं.

कारभारीनं खिशातून सुपारी काढली आणि चादरीवर पाच पिस्टनांच्या शेजारी ठेवली.

"सहावा अक्काचा. ती तिच्या हातानं निवडंल. तवर जुनाच राहू द्या."

या वेळी मात्र त्यानं अक्काच्या वतीनं मान डोलावली नाही.

फौजी तयार झाली. म्हणजे, महेमूदनं सगळं बसवलं आणि सेल्फ मारला. इंजिन "ऊंऽऽ" म्हणालं आणि गप्प झालं. शेजारच्या चार गॅरेजांतली माणसं धक्का मारायला आली, तेव्हा ते सुरू झालं. सहा जावा एकाच चुलीवर सहा भाज्या करत असाव्यात, तसा आवाज! एक सिलिंडर ढकलत होता, दुसरा रेंगाळत होता, आणि कडूबाची पाळी आली की सगळी जीप मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखी उसळत होती.

"नवीन हाय," महेमूद बॉनेट दोन्ही हातांनी दाबून धरत म्हणाला. "रुळंल."

"ताकद तर आली ना?" कारभारीचे डोळे चमकत होते.

ताकद आली होती, यात शंका नव्हती. ती एका दिशेनं येत नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात वाडीकडं निघाली. स्टिअरिंगवर कारभारी, शेजारी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन महेमूद, मागं लुगडं आणि नारळ घेतलेल्या तुळजाबाई, सत्यशीला आणि कडूबा.

"आवो, ही जीप हाय का उखळ?" तुळजाबाई दर हिसक्याला एकेक शब्द सोडत होत्या. "नारळ... फुटंल... माझ्या... हातात!"

"आई, दात दाबून बस," सत्यशीला म्हणाली. "जीभ चावंल."

चढण आली. कारभारीनं पहिला गिअर टाकला, ओठ आवळले, रेणुकामातेला मनात हात जोडले. फौजी चढायला लागली! धडाड-फुस्स-धडाड-ठक करत, लंगडी घातल्यासारखी, पण चढायला लागली! शेतातली माणसं कामं टाकून बांधावर आली. बैल दावं तोडायला लागले. बाभूळ आली. तीच ती बाभूळ! कारभारीनं श्वास रोखला. बाभूळ शेजारून सरकत मागं गेली.

"गेली! बाभूळ गेली!" सत्यशीला लहान पोरीसारखी ओरडली.

"दाजी, बघा माझ्या पिस्टनची कमाल!" कडूबानं शिट्टी घातली.

"ठाण्ण्!" इंजिन म्हणालं.

मग एकदम शांतता पसरली. कडूबाच्या उंच पिस्टननं वर जाऊन व्हॉल्व्हला टक्कर दिली होती. फौजी क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि मागं सरकायला लागली. कडूबानं उडी मारून चाकाखाली धोंडा सारला. आयुष्यातलं हे त्याचं सगळ्यांत चांगलं काम. धूर विरला, तेव्हा सगळ्यांना दिसलं: वर, हाकेच्या अंतरावर, अक्काचा ओटा. ओट्यावर सूप हातात घेऊन अक्का.

"खाणीत सुरुंग उडाला म्हणलं," अक्का वरूनच म्हणाली. "ह्यो हाय व्हय!"

कारभारी खाली उतरला. बहिणीच्या दारापाशी यायला एवढीशी वाट उरली होती, आणि ती गाडीनं पार होणार नव्हती. त्यानं नकळत मिशीवरून हात फिरवला, निरोप घेतल्यासारखा. सत्यशीला नुसती आत्याकडं बघत राहिली, आणि ते कारभारीला बोलण्यापेक्षा वाईट वाटलं.

तेवढ्यात महेमूदनं बॉनेट उघडलं, आत डोकावला, आणि वर बघून खणखणीत आवाजात म्हणाला, "अक्का! गाडी तुमच्या मानासाठी अडली!"

"माझ्या?"

"सहा पिस्टनात पाच जणांचा मान झाला. सहावा तुमचा बाकी हाय. तो बसल्याबिगर गाडी पुढं कशी जाईल?"

हे साफ खोटं होतं. अडली होती ती कडूबामुळं. पण कडूबानंही जोरजोरात मान हलवून दुजोरा दिला.

अक्का सूप खाली ठेवून उतारावरून चार पावलं आली. "पिस्टनचा मान? कोण म्हणतं?"

कारभारीनं खिशात हात घातला. आधी बॉनेटमधून पडलेलं ते काहीतरी निघालं, मग सुपारी निघाली. त्यानं ती तळहातावर धरली.

"बस्त्यात तुझ्या जागी ठेवली व्हती, अक्का. कपड्याच्या बी, अन् पिस्टनच्या बी. बाकीचे सगळे झाले. तुझा तेवढा कोणालाच निवडू न्हाई दिला."

अक्कानं सुपारी उचलली. उलटीसुलटी करून पाहिली. "लई गुळगुळीत झाली रे."

"तवापासून खिशातच घेऊन फिरून राह्यलो."

अक्कानं सुपारी पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी घट्ट केली, आणि सत्यशीलाच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "लुगडं बदलून येते. अन् कारभारी..."

"काय, अक्का?"

"दार तिकडं हाय, अन् गाडी इकडं. हॉटेलात काय बोलला व्हता, ते मला वर बसून बी कळत आसतंय!"

वाडीतल्या लोकांनी फौजी ढकलून वळवून दिली. अक्का पुढच्या सीटवर, पेटी मांडीवर घेऊन, ताठ बसली. उतारावर फौजीला एकाही सिलिंडरची गरज पडली नाही. कसला आवाज नाही, हिसका नाही, पेट्रोलचा थेंब न पिता ती माहेरच्या वाटेला अशी लागली, की बाभळीपाशी अक्का म्हणाली, "चांगली तर चालती! उगंच नाव ठेवत व्हते लोकं."

पुढं ट्रॅक्टरला बांधून फौजी महेमूदकडं गेली आणि अक्का पाशामियाँच्या दुकानात. चादर अंथरली गेली, चहा आला. गाडीतून काढलेले पाच पिस्टन समोर मांडलेले बघून अक्कानं कपाळाला हात लावला.

"हे काय? पंगतीत एकाला मूठभर वाढायचं अन् दुसऱ्याला ढीग? सगळ्यांला सारखं वाढत आसतेत! कोणाची निवड ही?" तिनं कडूबाचा पिस्टन उचलला. "ह्यो तर कडूबाचाच. त्याला वांगं निवडता येत न्हाई."

तिनं महेमूदच्या मानाचा, बेताच्या उंचीचा पिस्टन उचलला, हातावर तोलला, आणि पाशामियाँनी सुरुवातीला दाखवलेल्या खोक्याकडं बोट केलं. "अश्शेच हायेत ना त्यात? सहाचे सहा तेच द्या."

फौजी वाघीण झाली! वाडीची चढण ती दुसऱ्या गिअरमध्ये चढायला लागली. पण अक्का मांडवापर्यंत थांबली नव्हती; तोवर न्हाव्यानं येऊन कारभारीची मिशी काढली होती. अक्का समोर बसून बघत होती आणि तुळजाबाई आरसा धरून होत्या. वाटेत दोघातिघांनी थांबवून, आवाज उतरवून विचारलंच, "कोण गेलं, कारभारी?"

"कोणी न्हाई गेलं, बाबा," कारभारी म्हणायचा. "आलीय. माझी बहीण आलीय."

सगळं असं जुळून आलेलं असताना, मांडवाच्या आदल्या दिवशी निरोप आले. आमच्या मानाचे पिस्टन काढून टाकले, असं रामरावांना कळलं होतं. गिरिजाबाईंनी कडी लावली होती. कडूबा जेवत नव्हता. आणि व्याही म्हणे दोन दिवसांपासून आभाळाकडं बघत होते.

कारभारीनं फौजी बाहेर काढली. गाडी आता कुठंही जात होती, कुणाच्याही थेट दारापर्यंत. त्यामुळं चढ चढत नाही ही सबबही उरली नव्हती. सगळ्यांत आधी तो व्याह्यांकडं गेला, दारात करकचून ब्रेक मारला, आणि हात जोडून उभा राहिला.

व्याही रामकिसन बाहेर आले. त्यांनी फौजीकडं बघितलं, इंजिनाचा एकसारखा आवाज ऐकला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! काय गाडी झालीय!" ते म्हणाले. मग कारभारीला खालून वर न्याहाळत त्यांनी विचारलं, "तुमी नवे डायवर का? मालक न्हाई आले?"